नाक वर केलेली गाडी

माझे वडील चालत्या गाडीत कधी झोपायचे नाहीत. सांगलीच्या बस डेपोत आयुष्य काढलेलं, आधी फिटर आणि मग फोरमन. त्यामुळे गाडीत बसले की त्यांचे कान उभे राहायचे. विमानात रात्रभर जागून हीथ्रोला उतरले, तरी ब्रिस्टलला, माझ्या घरी, येणाऱ्या कोचमध्ये टक्क जागे होते. उजवा पाय जमिनीवर दाबून धरलेला, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली. स्विंडन मागे पडल्यावर मला कोपरानं ढोसून म्हणाले, "मागचं बेअरिंग वाजतंय. ड्रायव्हरला सांग जा." मी अर्थातच सांगितलं नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये एक अमेरिकन गाडी उभी होती. साठच्या दशकातली, आठ सिलिंडरची, खाटेएवढं बॉनेट असलेली. अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. अमेरिकेची असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे इंग्लंडात जिथे ड्रायव्हर बसतो तिथे आमच्याकडे पाहुणा. विमानाच्या कारखान्यातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं रिटायर होताना ती मला विकली होती. इंजिन झकास होतं, पण पुढची बाजू पार खिळखिळी. एक स्प्रिंग तुटलेली, सांधे ढिले. गाड्यांची वार्षिक परीक्षा, ज्याला इथे सगळे एमओटी म्हणतात, तिच्यात ती सपशेल नापास झाली होती.

मी अमेरिकेहून नवं सस्पेन्शन मागवलं, कॉइलओव्हर जातीचं. जुन्या पद्धतीत स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअब्सॉर्बर दुसरीकडे असतो. यात स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरच्या अंगावरच चढवलेली असते. खाली आट्यांवर एक कडं असतं. हुक-पान्यानं ते फिरवलं की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली घेता येते. खोकं दारात आलं तेव्हा नवरा म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. अगं, तुझे बाबा सहा आठवड्यांसाठी येतायत, आणि तू हा प्रोजेक्ट आत्ताच स्टार्ट करणार?"

आत्ताच करणार होते, आणि बाबांसाठीच करणार होते. मॅट्रिक झाल्यावर मला आयटीआयला जायचं होतं. बाबा म्हणाले होते, "मुलींनी ग्रीसमध्ये हात घालायचे नसतात." विषय संपला. खंडेनवमीला डेपोत हत्यारांची पूजा असायची. माझा भाऊ पान्यांना कुंकू लावायचा आणि मी झेंडूच्या माळा ओवायचे. लग्न होऊन इथे आले, नाइट क्लास केले, कारखान्यात इन्स्पेक्टर झाले. विमानाचे भाग माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नव्हते. बाबांना पत्रातून सगळं कळवलं होतं. उत्तरात ते हवापाण्याचं लिहायचे.

त्यांनी माझ्या हातच्या गाडीत एकदा बसावं, एवढंच मला हवं होतं. आल्या आल्या त्यांनी गॅरेजमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आधी चालू दे. मग बघू."

काम लांबतच गेलं. जुन्या स्प्रिंगा इतक्या जोरात दाबलेल्या असतात की हिसका बसला तर जबडा जाईल, त्यामुळे त्या काढण्यात दोन रविवार गेले. गंजलेला एक बोल्ट तर माझ्याशी जन्मोजन्मीचं वैर असल्यासारखा वागला. बाबा स्टूल टाकून बसायचे, नुसते बघायचे. चहा मात्र दोनदा करून आणायचे. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं आणि एमओटीची वेळ मिळाली ती त्याआधीच्या शनिवारची. शनिवारी दसरा होता.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला. कारखान्यात माझा नियम होता: हातानं फिरवून सोडलेला एकही बोल्ट टेबलावर राहता कामा नये. आवळायचा, टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर मोजायचा आणि त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची, म्हणजे तो नंतर हलला तर रेघ मोडून चुगली करते. गाडी स्टँडवर, चाकं हवेत लोंबकळत असतानाच मी सगळे बोल्ट असे आवळले आणि रेघा ओढल्या. "हे कुंकू कशाला?" बाबांनी विचारलं. "इन्स्पेक्शन झाल्याची खूण," मी ऐटीत म्हणाले.

मग जॅकनं गाडी चाकांवर उतरवली. पुढची बाजू खाली बसलीच नाही. भांडून माहेरी निघालेल्या बाईसारखी गाडी नाक वर करून उभी राहिली. हेडलाइट शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये पडतील अशी. मला वाटलं, कडं जास्त वर बसलंय. शुक्रवारची रजा काढलीच होती. सकाळी हुक-पान्यानं अर्ध्या तासात खाली घेईन, असं म्हणून मी हात धुतले.

शुक्रवारी सकाळी गॅरेजमध्ये गेले तर पांढऱ्या चादरीवर माझे सगळे पाने धुऊनपुसून मांडलेले. जॅक, टॉर्क रेंच, हातोडी, मधोमध हुक-पाना. उदबत्ती लावलेली. झेंडू मिळाला नव्हता म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती.

"खंडेनवमी आहे," बाबा म्हणाले. "आज हत्याराला हात लावायचा नाही."

"बाबा, उद्या सकाळी एमओटी आहे!"

"हत्यारांनाही एक दिवस सुट्टी असते. आमच्या डेपोत साहेबाची जीप अडली तरी पाना उचलत नसत." मग त्यांनी कुंकवाची डबी माझ्यासमोर धरली. "चल, कुंकू लाव. हत्यारं तुझी, पूजा तुझी."

इतकी चिडले होते की त्या वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला तो सगळ्या पान्यांना बोट लावून झाल्यावर.

मग बाबा गाडीकडे गेले. बॉनेटच्या टोकाला दोन्ही तळहात लावून त्यांनी गाडी खाली दाबली आणि सोडली. ती लगेच वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. "स्प्रिंगचा दोष नाही," ते म्हणाले. "बोल्ट चाकं टांगलेली असतानाच आवळलेस ना? सांध्यातला रबरी बुश त्याच अवस्थेत जखडला गेला. तो आता गाडीला खाली बसू देत नाही. बसचं वजन चाकांवर घ्यायचं आणि मगच आवळायचं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाबा, मी विमानं पास करते."

"विमान चाकं पोटात घेऊन उडून जातं. गाडीला दिवसभर त्यांच्यावरच उभं राहायचं असतं."

मी दार आपटून घरात आले. हातावर हात ठेवून बसण्याची सवय नाही, म्हणून सस्पेन्शनबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. आपल्याला सगळं येतं अशा गुर्मीत मी ते नीट वाचलंच नव्हतं. शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, बाबांचंच वाक्य इंग्रजीत छापलेलं होतं. कडं खाली घेतलं असतं तर गाडी दिसायला सरळ झाली असती आणि महिन्याभरात बुश फाटले असते. खंडेनवमी नसती तर मी तेच केलं असतं. पुस्तक मिटलं. लाज वाटली, ती त्यांच्यासमोर चुकल्याची. दुपारी चहा घेऊन मीच गॅरेजमध्ये गेले.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले. "साखर कमी आहे."

शनिवारी उजाडता उजाडता त्यांनी पूजा उचलली. चाकांखाली जाड फळ्या रचून मी गाडीखाली सरकले. वर ड्रायव्हरच्या जागी बाबा वजन म्हणून जाऊन बसले. गाडी उभी होती म्हणून ते बसणं मी मोजलं नाही. एकेक बोल्ट सैल केला. तिसरा सुटला तेव्हा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि अख्खं नाक दोन बोटं खाली आलं. मी खालून ओरडले. बाबा वरून ओरडले. नवरा चहाचा कप घेऊन धावत आला आणि काय झालं ते न कळताच तोही ओरडला. मग वजन चाकांवर असताना सगळं पुन्हा आवळलं, लाल रेघा नव्यानं ओढल्या.

एमओटीच्या माणसानं चाकं हलवून पाहिली, पहारीनं सांधे उचकून पाहिले, खाली दिवा धरला आणि विचारलं, "हू डिड द फ्रंट एंड?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या वाट्याचं मोजकं इंग्रजी त्यांनी तिथे खर्च केलं. "माय डॉटर. फिटर."

पासचा कागद हातात आला तेव्हा मी त्या अनोळखी माणसाला मिठी मारणार होते. बाबांनी कागद दोनदा वाचला, नीट घडी घालून दिला, आणि गाडीला वळसा घालून उजव्या बाजूनं आत बसले. "दसरा आहे," ते म्हणाले. "सीमोल्लंघन नको का?"

सीमा जवळच होती. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की वेल्स. आपट्याची पानं नव्हती, म्हणून बाबांनी फुटपाथवरची पिवळी झालेली लिंडनची पानं वेचून खिशात भरली होती. टोलनाक्यावरच्या माणसानं सवयीनं उजव्या खिडकीपुढे हात पसरला, तर बाबांनी त्याच्या हातावर एक पान ठेवलं आणि नमस्कार केला. त्यानं पान पाहिलं, टोपीतले बाबा पाहिले, मग पलीकडे स्टिअरिंगमागे बसलेली मी त्याला दिसले. मी घाईघाईनं टोल दिला. पान त्यानं परत केलं नाही.

पुलावर वारा होता. एरवी अशा वाऱ्यात ही गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खायची. आज स्टिअरिंग दोन बोटांत राहत होतं. पुलाचे सांधे चाकांखाली टक-टक वाजत मागे पडत होते आणि बॉनेट जागचं हलत नव्हतं. माझ्या हातांनी बसवलेलं होतं ते सगळं. मला मोठ्यानं गावंसं वाटत होतं, आणि गायलेही.

"बाबा, सीमा ओलांडली बरं का," मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, कान देऊन कुठला तरी आवाज शोधतायत.

तेवढ्यात एक गाडी ओव्हरटेक करायला उजवीकडे आली. तिच्यातल्या बाईंनी सहज आमच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. इंग्लंडात जिथे ड्रायव्हर असायला हवा, तिथे पांढरी टोपी घातलेला म्हातारा माणूस मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता. मी पुढे वाकून त्यांना स्टिअरिंग दाखवलं आणि हात हलवला.

मग बाबांकडे नीट पाहिलं. त्यांचा उजवा पाय चपलेतून निघून सैल पडला होता.

न्यूपोर्टहून परत फिरायचं ठरलं होतं. मी वळले नाही. कार्डिफ येईपर्यंत तशीच सरळ चालवत राहिले.