आरसाबाई नणंदेच्या टांकसाळीत

टांकसाळीत तिला सगळे आरसाबाई म्हणत. नाणं ज्या पोलादी ठशाखाली दाबलं जातं, त्या ठशाला पॉलिश करणं हे तिचं काम. हिऱ्याची भुकटी घातलेला मलम लाकडी काडीला लावून ती ठसा असा घासायची, की त्यात बघून कुणीही भांग पाडावा. आपल्या हाताबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती आणि ती ते लपवतही नसे.

तिची थोरली नणंद दुसऱ्या शहरातल्या टांकसाळीत, छाप उठण्याआधीच्या कोऱ्या चकत्या धुण्याच्या विभागाची प्रमुख. दोघी एकत्र आल्या की आरसाबाईचा नवरा हळूच बाहेर सटकायचा. "बायको एकीकडून ठोकते, बहीण दुसरीकडून. माझा पत्रा होतो," म्हणायचा.

एका वर्षी खास नाणी निघाली. निम्मी इथे पाडायची, निम्मी नणंदेच्या टांकसाळीत, आणि दोन्हीकडचं एकेक नाणं एकाच डबीत घालून विकायचं. पहिली डबी उघडली आणि साहेबांचा चेहरा पडला. एक नाणं लखलखीत, दुसरं साय धरल्यासारखं.

"तिकडे ठसे नीट घासत नसणार," आरसाबाई म्हणाली. "मला पाठवा. माझेच ठसे घेऊन जाते."

ती गेली, नणंदेकडेच उतरली. दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रेसवर तिचे ठसे चढवून पहिलं नाणं पाडलं. तिने ते खिडकीशी धरलं. साय तशीच.

"प्रेसचा दाब कमी पडत असेल."

दाब वाढवला. नक्षी ठसठशीत उठली, पण साय काही हटेना.

नणंद हात पुसत उभी होती. "अगं, तुझा ठसा झकासच आहे. पण तो दाबायचा कशावर, ते बघितलंस का?"

तिने आरसाबाईला धुण्याच्या खोलीत नेलं. भट्टीतून काळवंडून आलेल्या चकत्या आम्लात उजळून पुढे फिरत्या पिंपात पडत होत्या.

"तुमच्याकडे पिंपात पोलादी गोळ्या असतात. त्या चकतीला चमक आणतात," नणंद म्हणाली. "आम्ही चिनी मातीचे खडे घालतो. चकती जराशी खरबरीत राहते, आणि तेच नाण्यावर दिसतं."

"मग गोळ्या का नाही घालत, वन्सं?"

"आमची नाणी रोजच्या बाजारात फिरतात. चकचकीत नाण्यावर पहिल्याच दिवशी ओरखडे दिसतात. खडे मी विचार करून घातलेत."

आरसाबाई जराशी वरमली. या लोकांना आळस नडतो, असं ती निघताना चारचौघांत बोलून आली होती. पण वरमून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"डबीपुरत्या गोळ्या घालाल?"

"घालते की. माझा कुठे हट्ट आहे."

गोळ्या आल्या, पिंप फिरलं, चकत्या झळकल्या. मात्र वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटले. आता नणंदही बुचकळ्यात पडली. आरसाबाईने ठिपक्यावर नख फिरवलं आणि तिला नणंदेच्या न्हाणीघरातली बादली आठवली, आतून पांढरी पडलेली.

"वन्सं, हे तुमच्या पाण्यातले क्षार. खरबरीत चकतीवर ते दिसत नसणार. शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या पाण्याने करू."

तसं केलं. वर दोघींनी हातमोजे चढवून सुती फडक्याने एकेक चकती पुसली.

"माझ्या भावाच्या घरी कधी एवढी ताटं पुसलीस का गं?"

"ती तुमचा भाऊ पुसतो."

नणंद एवढी हसली की तिला चकती खाली ठेवावी लागली.

नवी नाणी डब्यांत बसली आणि साहेबांना दोन्ही सारखीच दिसली. आरसाबाईला मात्र नणंदेकडच्या नाण्यावर किंचित मऊपणा दिसत होता. तिने तो साहेबांना दाखवला नाही. रोजच्या नाण्यांसाठी नणंदेने पिंपात पुन्हा खडे भरले, आणि परत आल्यावर आरसाबाईने साहेबांना ते बरोबरच असल्याचं ठणकावून सांगितलं.

मग ती जिना उतरून आपल्याच टांकसाळीच्या धुण्याच्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिथला माणूस गडबडून उभा राहिला.

"बसा हो," ती म्हणाली. "तुमचं पिंप कसं चालतं, ते बघायला आले."