उरलेला बाण

बंदरकचेरीत त्यांना सगळे बाणवाले म्हणत. कोणी पाण्यात पडलं की नकाशावर बाण काढायचे, नदी पूर्वेला किती ढकलेल, भरती उत्तरेला किती रेटेल, आणि दोन्हींची बेरीज जिथे पोचेल तिथे बोटी धाडायच्या, हे त्यांचं काम. माणूस भलताच चोख. पस्तीस जणांना त्यांनी जिवंत बाहेर काढलं. छत्तिसावा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि तोच हातचा गेला.

धाकट्याला घरात लोळ्या म्हणत. अहो, होताच तसा! इकडची काडी तिकडे करायचा नाही. धुक्यातल्या एका सकाळी सात वाजता तो होडीतून पडला. बोटींना गाठायला अकरा वाजणार, म्हणून बाणवाल्यांनी छातीवर दगड ठेवून चार तासांचे बाण काढले: पूर्वेला नऊ किलोमीटर, उत्तरेला चार. माणूस स्वतः हातपाय मारेल त्याचा तिसरा बाण असतो. तिथे त्यांनी शून्य लिहिलं. "लोळ्या तो! पडून राहील तरंगत," असं वर म्हणालेही.

बोटी पोचल्या तिथे नुसतं पाणी होतं. त्याच वेळी एका मालबोटीला तो दुसरीकडेच सापडला, पूर्वेला सहा, उत्तरेला आठ. अंग अजून कोमट होतं.

पुढचं गणित बाणवाल्यांनी सोळा वर्षं केलं नाही. आकडे मात्र पाठ सोडेनात. जेवताना कोणी सहा-आठ म्हटलं तरी घास हातातच राहायचा.

एक दिवस पुतणी कोरा कागद घेऊन समोर बसली. "मोठेकाका, आई म्हणते बाबांनी जिवासाठीसुद्धा हात हलवला नसेल. मला एवढंच सांगा, त्यांना परत यायचं होतं की नाही?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पडल्या जागेपासून सापडल्या जागेपर्यंत सरळ रेघ ओढली. सहाचा वर्ग, आठचा वर्ग, बेरजेचं मूळ दहा. दहा किलोमीटर, चार तास, सरासरी वेग ताशी अडीच.

"हे सगळं मिळून झालं," ते म्हणाले. "यातून पाण्याचं वजा करू."

सहातून नऊ गेले, उरले तीन पश्चिमेला, म्हणजे नदीच्या उलट. आठातून चार गेले, उरले चार उत्तरेला. तीन आणि चारचा मिळून पाच किलोमीटरचा बाण.

"पाच किलोमीटर पोहला," बाणवाले म्हणाले. "धारेला छेद देत."

"लोळ्या म्हणे!" पुतणी एकदम हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

पण बाणवाल्यांची पेन्सिल थांबत नव्हती. तो बाण तसाच वायव्येला वाढवत ती किनाऱ्याला लागली, थेट बंदरकचेरीपाशी. धुकं पडलं की पाण्यातल्यांना किनारा कुठे ते कळावं म्हणून कचेरीचा भोंगा दर दोन मिनिटांनी वाजवायचा असतो. त्या सकाळी तो त्यांनी स्वतःच्या हाताने वाजवला होता.

"कुठे निघाले होते बाबा?" पुतणीने डोळे पुसत विचारलं.

"माझ्याकडे गं," ते म्हणाले. "मी चार तास त्याला हाका मारत होतो आणि बोटी भलतीकडे धाडून बसलो होतो."