सरकीत पुरलेला दस्ता

माझ्या वारलेल्या वडिलांची ठासणीची बंदूक पांझरेच्या पुरात दोन दिवस चिखलात होती. वाळावी म्हणून मी घाईने ती उन्हात ठेवली आणि दस्त्याचं लाकूड तडकलं. मी ती धुळ्याच्या एका म्हाताऱ्या बंदूक-कारागिराकडे नेली, तर तो माझ्यावर चिडलाच. ओल हळूहळू निघावी म्हणून त्याने दस्ता सरकीच्या पोत्यात पुरला. रोज पोत्यात हात घालून तो लाकूड चाचपायचा, तापातल्या लेकराचं अंग पाहावं तसा. पुढे त्याने चीर सरसाने बुजवली, नळीचा गंज उतरवला. दस्त्यावरचा झिजून खोलगट झालेला भाग मात्र तसाच ठेवला. तोही सारखा करा, असं मी म्हणालो.

"नही भाऊ," तो म्हणाला, "ती जागा तुना बापनी शे. गाल टेकी देख."

मी गाल टेकवला. बरोबर बसला.