सादिककडं न्हाई म्हणून लावलेला पंखा

दोस्तहो, दुपारपासून नुसता जळून राह्यलोय, म्हणून लिहितोय.

मी अन् मस्तगडचा माझा दोस्त सादिक, दोघांनी घरीच डिजिटल पॉवर सप्लाय बनवले. उद्या सर दोन्ही चेक करून त्यातला एकच कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवणारेत. सादिकचा डबा एकदम साधा. मी मुद्दाम निळ्या लाईटचा पंखा लावला, कारण त्याच्याकडं न्हाई!

पण माझं करंट लिमिट, म्हंजे ठरवल्यापेक्षा जास्त करंट जाऊ न देणारी सोय, गंडलं. एक अँपिअर सेट केला, तरी तेवढा व्हायच्या आधीच सप्लाय करंट कापायचा. सगळा कोड बदलून पाह्यला, काहीच फरक न्हाई. शेवटी नाक मुठीत धरून सादिकलाच बोलावलं.

"अबे, हा पंखा कायला लावला?"

"सप्लाय थंड राहावा म्हणून."

"गरम तर तूच होऊन राह्यला," म्हणत त्यानं पंख्याची वायर काढली. लिमिट बिलकुल बराबर! ज्या ग्राउंड वायरवर करंट मोजत होतो, त्याच वायरमधून पंख्याचा पण करंट जात होता, म्हणून आकडा जास्त यायचा. मंग त्यानंच पंख्याला वेगळी वायर जोडून दिली.

जाताना म्हणतो, "सर आता तुझाच ठेवतील बघ. दिसतो पण भारी."

तो जरापण जळला न्हाई यार! त्याचाच मला जास्त जळफळाट होऊन राह्यलाय. तुमच्याकडं आहे का असा एखादा दोस्त?