भिंगरीचे दोन वाघ

टपाल वाटण्यात जिचा जन्म गेला, तिला घरात बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. गल्लीत सगळे तिला भिंगरीच म्हणत. रिटायर झाल्यावरही सकाळी चहा पोटात गेला की बाई बाहेर. कुणाचं दार नीट लागत नाही, कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली, सगळी खबर हिच्याकडे. घरी मात्र बसल्या जागी पाय हलवत राहायची.

मग एक दिवस उतारावर चक्कर येऊन पडली. डोक्याला टाके पडले. पुन्हा पडल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. लेक घरातच शिवणकाम करायची. आईशिवाय तिला दुसरं माणूस नव्हतं. तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मापाच्या टेपसोबत गळ्यात अडकवली.

पण ऐकेल ती भिंगरी कसली! दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी. लेकीची शिलाई वाकडी जायला लागली.

"आई, बस ना जरा! डोकं उठवलंस."

"बसायला मी काय खुडूक कोंबडी आहे?"

शेवटी म्हातारीनेच तोड काढली. कापड बेतायच्या टेबलावर तिने खडूने वाघ-शिकाऱ्यांचा पट आखला. लेकीला लहानपणी तिनेच शिकवलेला खेळ. कोटाची दोन मोठी बटणं म्हणजे वाघ, शर्टाची पंधरा बटणं म्हणजे शिकारी. शिकाऱ्यावरून उडी मारून वाघ पलीकडच्या रिकाम्या घरात गेला, की तो शिकारी मेला. दोन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही, की शिकारी जिंकले.

"वाघ माझे," म्हातारी म्हणाली. "मी जिंकले तर दुसऱ्या दिवशी तू मला फिरायला न्यायचं. हरले तर पुन्हा जिंकेपर्यंत दाराकडे बघणारही नाही. शब्द."

लेक कबूल झाली आणि रोज हरू लागली. हरली की आईचा दंड धरून कोपऱ्यापर्यंत जायची, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत. आईचा पाय जरा अडखळला की हिचा जीव खालीवर. घरी परतल्यावर कुलूप दोनदा ओढून बघायची, मगच मशीनवर बसायची.

आणि जिंकलेली म्हातारी वर शिकवायची! जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. "मध्ये कशाला घुसतेस? आधी कडा भर. कडेच्या शिकाऱ्यामागे घरच नसतं, त्याच्यावरून वाघ उडी मारून जाणार कुठे? पुढे सरकायचं तर जोडीने. मागचं घर रिकामं सोडलंस की संपलीस." एकदा म्हणाली, "आणि एखादी बिनकामाची चाल हाताशी ठेव. वेढा पडला आणि तुझ्याकडे दुसरी चालच उरली नाही, तर स्वतःचाच वेढा मोडावा लागतो. तू मेली उतावळी, सगळ्या आधीच उधळतेस."

लेकीने कान देऊन ऐकलं. काज करताना, टाके घालताना डोक्यात तेच. एका संध्याकाळी तिने आधी कडा भरल्या. जोडीजोडीने शिकारी पुढे आणले. एक शिकारी कोपऱ्यात नुसता इकडून तिकडे करायला राखून ठेवला. भिंगरीने हूल देऊन पाहिली, पण ही बधली नाही. एक वाघ अडकला, मग दुसराही.

आईचं बोट पटावरच्या रेघांवरून फिरलं. या घरात शिकारी, त्या घरात शिकारी, त्याच्या मागेही शिकारी.

"बरोब्बर कोंडलंस," ती म्हणाली. "शिकलीस बाई."

त्या रात्री लेक किती तरी दिवसांनी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी दाराकडे फिरकली नाही. खिडकीकडेही नाही. खुर्चीत बसली ती बसलीच, पायसुद्धा हलवेना. संध्याकाळी लेकीने बटणं काढली तर म्हणाली, "आज नको." मग रोजच नको. ताटातलं अर्धं ताटातच राहायला लागलं. आता शिलाई सरळ यायला काय हरकत होती? पण ती शांतता लेकीला खायला उठली. दोन टाके घातले की मशीन थांबवून ती आईकडे बघायची. खिडकी ते दार फेऱ्या आता लेकच मारू लागली होती.

शेवटी तिला राहवेना. तिने कुलूप काढून दार सताड उघडलं आणि आईचे बूट तिच्यापुढे आणून ठेवले.

"आई, चल. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"हरलेय ना मी?"

"खड्ड्यात गेलं ते हरणं!"

"जन्मभर कुणाचं पत्र फोडलं नाही मी. आता शब्द मोडू?"

"मग खेळ. जिंक आणि चल."

आईची खुर्ची टेबलाशी ओढून लेकीने पुसट झालेल्या रेघा गिरवल्या, बटणं मांडली. मुद्दाम हरायला गेलं तर म्हातारी पट उधळून देईल, चार शब्द सुनावेल, हे तिला ठाऊक होतं. सुनावू दे. तेच तर हवं होतं तिला. तिने एक शिकारी उचलून थेट वाघाच्या तोंडापुढे नेऊन ठेवला, मागचं घर मोकळं. आंधळ्यालाही दिसला असता असा डाव. आणि ती ओरडा खायला तयार होऊन बसली.

आईने पाहिलं. वाघावर बोट ठेवलं, जरासं रेटलं, आणि हात उचलून पुन्हा मांडीवर घेतला.

"आई, एकटाच आहे गं तो." लेकीला रडू फुटलं. "मार ना उडी."

"राहू दे," आई म्हणाली. "पलीकडे जाऊन तरी काय करायचंय?"