आईच्या मरणाचं सांत्वन आईलाच

आटपाडीकडे राहिलेल्या, तसंच माझ्यासारख्या तिथून उठून सांगली-साताऱ्याला जाऊन बसलेल्या सर्व आप्तेष्टांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की माझी आई सारूबाई दोनदा वारली. दुसऱ्यांदा तिला देवाने नेलं, तेव्हा तुम्ही सगळे मातीला आला होतात. पहिल्यांदा तिला मी मारलं. त्या वेळी ती घरामागे शेणी थापत होती आणि तिला याची काहीच कल्पना नव्हती.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नसे, त्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे शेगडीसारखं एक धूड बांधलेलं, आणि मोटार अडली की उतारूंनी उतरून ढकलायची. सांगलीच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडरचं काम शिकायला मी निघालो, तेव्हा आई हातात खराटा घेऊन मोटारीपाशी आली. आजूबाजूला चार परकी माणसं. मला लाज वाटली.

"आई, तो खराटा तरी ठेवून यायचास."

"देवळाचं आंगण अर्दं झाडून आलीया. ऱ्हायल्यालं कोन झाडणार, तुजा बा?" ती म्हणाली. माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि देऊळ म्हणजे आमच्या गावचं चर्च. "आन् हे बग दाव्या, तितं बाटल्या धुशील तर आशा धू, की देवानं त्यातनं पानी पिलं तर त्येला वास येऊ ने."

मोटार सुरू होईना. मग सगळ्यांबरोबर तिनेही खराटा बगलेत धरून मोटार ढकलली. मला गावाबाहेर घालवायला माझ्या आईचे हात लागले, हे मी लोकांना हसत सांगतो.

आईला भक्ती तोंडाने कधी जमली नाही. उपासनेत साक्ष द्यायची पाळी आली, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायची वेळ आली, की ती उठायची, "देव हाय, बरं चाललंय," एवढं म्हणायची आणि बसायची. तिचं देवाला मान देणं सगळं हातांत होतं. दळायला बसण्याआधी ती मूठभर जोंधळे देवाच्या गाडग्यात टाकायची. शेजारच्या आंधळ्या म्हातारीची वेणी घालताना भांग इतका सरळ काढायची, की मी म्हणायचो, "तिला कुठं दिसतंय?" त्यावर आई म्हणायची, "तिला न्हाई दिसत. वरच्याला दिसतंय न्हवं?"

सांगलीत मी वेगळाच माणूस झालो. गावी घागरभर पाण्यावर हिशेबाने दिवस काढणारा मी कृष्णेत दोन वेळा डुंबू लागलो. बोलण्यात वॉर्ड, ड्यूटी, मिक्श्चर असे शब्द आले. पहिल्या नाताळाला गावी जायचं ठरलं होतं, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या, नाटकात तान्ही बाळं मारणारा हेरोद राजा व्हायला कुणी तयार नव्हतं. मी झालो. असा झालो, की बायांनी मुलं उचलून मागे नेली. दुसऱ्या नाताळाला लोकांनी हेरोदच मागितला. आईला मी पत्र पाठवलं, काम फार आहे.

तिसऱ्या नाताळाआधी पाळकांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, विचारलं, "दावीद, आई एकटी असते ना रे? मग जात का नाहीस?"

खरं उत्तर होतं, मला टाळ्या आवडतात. माझ्या तोंडून निघालं, "आई नाही, बाई."

झालं. पुढच्या प्रार्थनासभेत मला साक्ष द्यायला उभं केलं. आता, लहानशी गोष्ट लहान सांगणं मला जन्मात जमलेलं नाही. मी आईला पटकीच्या साथीत मारलं. जाता जाता तिच्या तोंडी पानभर शेवटचे शब्द घातले. बायांचे पदर भिजले. मीही रडलो, इतकं छान झालं होतं. लोकांनी ती साक्ष पुन्हा मागितली, आणि दर वेळी आईचं मरण सुधारत गेलं. तिसऱ्या खेपेला ती दोन्ही हात वर करून गात गात गेली. माझ्या त्या आईला चालीत गाता कधी आलं नव्हतं.

आमचे सांगलीचे पाळक मूळचे साताऱ्याहून आलेले, फार सज्जन गृहस्थ. त्यांनी माझ्या नकळत आमच्या गावच्या मास्तरांना सांत्वनाचं पत्र धाडलं. मास्तर शाळाही चालवत आणि उपासनाही. त्यांना एक खोड होती. मंडळीला आलेलं पत्र आधी स्वतः न वाचता ते थेट देवळाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवत. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "प्रभूमध्ये निजलेल्या आपल्या भगिनी सारूबाई..." आणि थांबले. समोर सारूबाई जोंधळे निवडत बसली होती.

पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. आईने विचारलं, "लय हाल झालं का वं माजं?"

मास्तरांनी पुढची ओळ पाहिली. "नाही, शांतपणे गेलात, असं लिहिलंय."

"मग बरं," म्हणून तिने सूप उचललं.

त्यानंतरच्या रविवारी मी सांगलीच्या देवळात पुढच्या बाकावर होतो. दारात कुणीतरी धुळीने भरलेल्या वहाणा काढल्या आणि बायांच्या बाजूला अगदी मागे जाऊन बसलं. मी वळून पाहिलं. आई होती. पाळकीणबाई लगबगीने माझ्याकडे आल्या. "त्या बाई तुला विचारत होत्या. कोण रे?"

येशूला मी ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला सावध करायला कोंबडा तरी होता. मी म्हणालो, "गावाकडची आहे कोणीतरी." आवाज नाटकाचाच, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

पाळकीणबाईंनी मागे जाऊन आईला विचारलं. मी कान तिकडेच लावले होते. ती म्हणाली, "व्हय बाई. गावाकडचीच हाय."

तिने मला झाकलं. जिने आयुष्यात देवासमोर एक शब्द वाढवून सांगितला नाही, तिने माझ्यासाठी एक शब्द गिळला.

तेवढ्यात पाळकांनी साक्षीसाठी माझंच नाव घेतलं. मी उभा राहिलो. नोकरी मिशनची, खोली मिशनची, मान सगळा त्या साक्षीवर उभा. मी म्हणालो, "ती मागे बसलीय ती माझी आई. ती मेली नाही. मी तिच्याकडे जात नव्हतो, म्हणून मी तिला मारलं." मग ती खरोखर काय करते ते सांगितलं. मूठभर जोंधळे, म्हातारीचा भांग, अंगण. दोन मिनिटांत संपलं. कुणीही रडलं नाही.

मंडळीने मला सहा महिने प्रभुभोजनापासून, भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवलं. बरोबर केलं. नोकरी राहिली, हेरोदाचं काम दुसऱ्याला गेलं. तेव्हा आईचं जे वय होतं, ते आज मी ओलांडलं आहे. गावच्या घराचं छप्पर बसलं आणि आईच्या मातीवर आता दुसऱ्यांची मेंढरं चरतात. तरी कुणी विचारलं, दावीदराव, तुमचं घर कुठलं, तर मला गाव आठवत नाही आणि सांगलीही आठवत नाही. मागच्या बाकावरची ती बाई आठवते, आणि मी खाली बघतो. तिची क्षमा मी कधी मागितली नाही. मागायची संधी तिने ठेवलीच नाही. कारण त्या रविवारी पाळक शिक्षा सांगायला उभे राहत होते, तोच ती बायांमधून ताडकन उठली आणि मोठ्याने म्हणाली,

"आवं सायेब, त्येला काय शिक्षा करायची ती मागनं करा, पर आदी मी कशी मेले ती गोष्ट पुन्यांदा सांगू द्या. माज्यासाटनं एवढी मानसं रडली, आन् मी एकलीच ऐकायची ऱ्हायली!"