जुन्या मास्तरांची घोंगडी

मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते साफ खोटं आहे. जव्हार संस्थानात, दाभोशाच्या धबधब्याच्या अंगाला एका पाड्यावर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी गाळण उडाली होती.

तिथले जुने मास्तर बदलून जव्हारच्या शाळेत गेले होते. मोठे मायाळू गृहस्थ. पोरं नव्या माणसाला बुजतील म्हणून जाताना आपली काळी घोंगडी आणि काठी माझ्यासाठी ठेवून गेले. सोबत चिठ्ठी, "हे घेऊन वर्गात जा. ओळखीचं काही दिसलं की पोरं रुळतील." मलाही ते पटलं. दोघेही शहाणे! घोंगडी खांद्यावर, काठी हातात, असा मी कुडाच्या त्या शाळेत शिरलो. पंधरा-वीस पोरं बसली होती. एकानं किंकाळी फोडली आणि सगळी मला ढकलून रानात पळाली.

दुपारपर्यंत एकेक करून आपापल्या घरी परतली, एक मुलगी सोडून. सहा वर्षांची, वर्गात सगळ्यांत धाकटी. दिवस कलायला लागला. दोनच दिवसांपूर्वी त्या रानात वाघानं वासरू नेलं होतं. तिची आई पुढं, मी मागं, हाका मारत फिरत होतो. देवा, पोर सापडू दे, मग मला इथून हाकलून दे, एवढंच मनात चाललं होतं.

ती सापडली नागलीच्या शेतात, राखणीच्या माळ्यावर. अंगाचं मुटकुळं करून बसली होती. आईनं खाली उतरवलं तर मला बघून तिच्या कमरेला घट्ट बिलगली. आई माझ्यावर कडाडली, "तू त्याची घोंगडी कशाला घेतलीस? आमच्यात जित्या माणसाची घोंगडी-काठी दुसरा घेत नाय. मेल्यावरच घेतात!" तिथं लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात, पण त्या दिवशी तो तू मला फार झोंबला.

म्हणजे पोरांच्या लेखी मास्तर मेले होते, आणि मारणारा बहुधा मीच.

समजावलं, पण ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नाही. घोंगडी-काठी परत करायला म्हणून उचलली आणि चालत जव्हार गाठलं. बघतो तर मास्तर हिवतापानं फणफणलेले, डोळे खोल गेलेले. पोरांचं खरं ठरतंय की काय? त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, माझीच मती फिरली होती. जा, बैलगाडी बघ."

गाडी पाड्यात थांबली. रोडावलेले, पांढरेफटक मास्तर खाली उतरले आणि झालं उलटंच, पोरं घराघरांत दडली. मेलेला माणूस परत आला म्हणजे भूतच की! मास्तर अंगणात बसून एकेकाला हाक मारत होते, आणि कुणी बाहेर येत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मी तर पार खचलो.

बऱ्याच वेळानं ती धाकटी दाराबाहेर आली. लांबच उभी राहिली आणि त्यांच्या पावलांकडं टक लावून बघू लागली. भुताचे पाय उलटे असतात ना!

"मास्तर, चालून दाखव," ती म्हणाली.

ते कसेबसे उठले आणि अंगणभर चालले. "पाय सरळ हायेत!" ती ओरडली. मग मास्तरांनी गाडीतली आपली घोंगडी काढून स्वतः पांघरली. पोरं त्यांच्या अंगावर येऊन पडली. मास्तर आठ दिवस राहिले. एक धडा ते शिकवीत, एक मी. शेवटी घोंगडी-काठी घेऊनच ते गेले.

सात वर्षांनी माझी बदली झाली. नव्या मास्तरांना आधी आठ दिवस शेजारी बसवलं. निघालो त्या सकाळी ती मुलगी वेशीपर्यंत आली. आता चांगली मोठी झालेली. तिनं माझं गाठोडं चाचपलं.

"तुझी घोंगडी घेतलीस? काठी?"

"सगळं घेतलं."

"मग जिता रहा," ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.